वखारीतला हैबती लांगरी

हैबतीमामांचा स्वयंपाक वाईट होता, हे आधीच सांगून टाकते. पुढं त्यांच्याविषयी बरंच चांगलं लिहायचं आहे, तेव्हा खोटेपणाचा आळ सुरुवातीलाच झडलेला बरा. डाळ कधी पाण्यासारखी, कधी लापशीसारखी. भाकरी एका अंगानं करपलेली. कुणी तक्रार केलीच, तर डाव पातेल्याच्या काठावर आपटून म्हणायचे, "ह्याच कालवनावर पल्टन बसऱ्याला लडली. तुला कुटं लडाय जायाचंय?"

फौजेत स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात. हैबतीमामा खटाव तालुक्यातल्या एका फौजी गावचे. उभी उमर पलटणीच्या भटारखान्यात काढून घरी आले, घरी करमेना म्हणून सांगलीला आले, आणि पोरक्या मुलांच्या बालकाश्रमात पुन्हा चुलीपुढं बसले. आश्रम गावातल्या वकील-व्यापाऱ्यांच्या कमिटीनं चालवलेला, संस्थानच्या दरबारच्या मदतीवर, हळदीच्या एका जुन्या वखारीत. फरशीच्या फटींत हळद इतकी मुरलेली, की पोरांचे तळवे बारमाही पिवळे. बाजारात पिवळ्या पायांचं पोर दिसलं की लोक म्हणायचे, "हे वखारीतलं." आणि आपलं पोर जवळ ओढायचे. का ओढायचे? पोरकेपण काय शिवल्यानं लागतं?

दुसऱ्या मोठ्या लढाईची शेवटची वर्षं होती ती. बाप फौजेत, त्याचं पत्र नाही. आई तापानं नाहीतर प्लेगनं गेलेली. पूर्वेकडच्या माळावर पाऊस नाही. पोरं येत राहिली. मिरजेच्या स्टेशनवर सापडलेली, यात्रेत चुकलेली, चुलत्यानं "चार दिवस ठेवा" म्हणून आणून सोडलेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जेवायला एक पंगत बसायची. वर्षाच्या आत तीन बसायला लागल्या. तिसऱ्या पंगतीतली पोरं पहिल्या पंगतीच्या पाठीशी उभी राहून दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ज्यांनी पाहून वर्तमानपत्र उलगडलं त्या कमिटीच्या सभासदांनाही पाहिलं आहे.

मी तेव्हा संस्थानातल्या लोकांच्या चळवळीसाठी पत्रकं लिहायची. दरबारनं मुलांसाठी पक्की, मोठी इमारत बांधलीच पाहिजे, अशी आमची मागणी. पहिलं पत्रक छापून झाल्यावर मी ते मामांना त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून वाचून दाखवलं. ते कांदा चिरत होते. सगळं ऐकून घेतलं.

"झ्याक हाय," म्हणाले. "पन बाई, खंदक मोटा खनला तर त्यात मानसंबी जास्तच घालत्यात."

"मग काय पोरं रस्त्यावर राहू द्यायची, मामा?"

"तसं कुटं म्हनलो? जरा सरका तिकडं, भाकरी करपती."

"ती करपलीच आहे."

"मग नका सरकू."

वाद असा संपायचा. वाद घालायला माणूस समोर लागतं, आणि मामा कायम चुलीकडं तोंड करून बसलेले.

त्यांची तऱ्हा मला हळूहळू कळली. नवीन पोर आलं की मॅनेजर त्याला टेबलासमोर उभं करायचे. नाव? बापाचं नाव? जात? मुक्काम? पोराच्या नाकातून पाणी, तोंडातून शब्द नाही. मुक्काम काय सांगणार? त्या वयात गावाला नाव असतं हेच माहीत नसतं. गाव म्हणजे गाव. मग रकान्यात 'माहीत नाही' असं सुंदर अक्षरात लिहिलं जायचं आणि त्या पोराचा जगाशी असलेला धागा तिथंच तुटायचा.

मामांनी कुठल्याच पोराला नाव विचारलं नाही. ते दोन दिवस थांबायचे. मग परातीत पीठ मळता मळता, पोराकडं न बघता विचारायचे, "घरी कुनाच्या हातचं ग्वाड लागायचं रं?"

या प्रश्नाला मुकं पोरही उत्तर द्यायचं. आजीच्या. थोरलीच्या. शेजारच्या काकूच्या. एका पोरानं सावत्र आईचं नाव घेतलं होतं, तेव्हा मी सावत्र आयांच्या छळावरचं एक अख्खं पत्रक फाडून टाकलं. मग मामा विचारायचे काय करायची, आणि दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ करायचे, चुकीचा. मुद्दाम. आता मुद्दाम चुकायला आधी बरोबर यायला लागतं, आणि ते मामांना येत होतं का याविषयी वखारीत दोन मतं होती. पण चुकलं की पोर खवळायचं. "आसलं नसतंय!" म्हणायचं. आणि कसलं असतंय ते सांगता सांगता आपलं घर, अंगण, माणसं सगळं सांगून टाकायचं.

पाटणच्या बाजूच्या डोंगरातलं एक पोर होतं. मामांनी त्याला ज्वारीची भाकरी वाढली. ते म्हणालं, आमची काळी असती. म्हणजे नाचणीची. मामांनी कुठून तरी नाचणी पैदा केली. तर ते म्हणालं, "आजीच्या भाकरीवर बोटं उठत्यात."

"माजीबी उठल्यात की. ही काय."

"तुजी पाच हाईत. आजीची चारच उठत्यात. एक इळ्यानं तुटलंय."

झालं. मॅनेजरांच्या सगळ्या रकान्यांत जे मावलं नसतं, ते मामांना मिळालं. डोंगरातून बांबू घेऊन सांगलीला येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला मामा बाजाराच्या दिवशी आडवे जायचे. "चार बोटांची म्हातारी ठावं हाय का रं गड्या?" गाडीवान हसायचे. तिसऱ्या बाजाराला बांबूच्या भाऱ्यावर बसून ती म्हातारी स्वतःच आली. तिनं नातवाला ओळखलं, नातवानं तिच्या हाताकडं बघितलं, आणि मामांनी दारात उभं राहून बोंब ठोकली, "नाव कटलं!"

फौजेतून माणूस सुटून घरी निघाला की नाव कटलं म्हणतात. वखारीतून पोर घरी निघालं की मामांचा हा एकच निरोप. डोक्यावर हात नाही, डोळ्यांत पाणी नाही. नाव कटलं, चला.

मी भांडले. म्हटलं, "त्या म्हातारीच्या घरी खायला काय आहे? इथं निदान दोन वेळ पोट भरतं."

"भरतंय की. पन हितं भूक लागली तर रांगंत हुबं ऱ्हायाचं. तितं भूक लागली तर रडायचं. पोराला रडाय मिळालं पायजे का न्हाई, बाई?"

खरं सांगायचं तर मामाही सगळ्यांना पोचवू शकले नाहीत. काही पोरं इतकी लहान आलेली, की त्यांच्या जिभेला कुठल्याच घराची आठवण नव्हती. त्यांना मामांचंच करपलेलं गोड लागायचं. "ही आपली," असं म्हणून मामा त्यांची पानं पहिल्या पंगतीत मांडायचे, आणि इमारतीच्या माझ्या अर्जावर त्या पोरांपुरता अंगठा उठवून द्यायचे. "ह्यांच्यासाटी बांदा. चांगली बांदा. बाकीच्यांसाटी पायपीट करा."

आता मुख्य गोष्ट. यात चूक माझी आहे आणि ती मी लपवणार नाही.

मिरजेच्या स्टेशनवर पोलिसांना दोन भावंडं सापडली. मुलगी सातेक वर्षांची, कडेवर अडीच-तीन वर्षांचा भाऊ. ती त्याला खाली ठेवत नसे. जेवताना मांडीवर, झोपताना पोटाशी, नाहीतर कडेवर. तिची कंबर एका अंगाला झुकलेली. मॅनेजरांनी नाव विचारलं, ती बोलली नाही. आठवडा गेला, बोलली नाही. कमिटीत ठरलं, की मुलगी मुकी आहे, वारस कुणी येत नाही, तर पुढच्या सोमवारी मुलीला पुण्याच्या मुलींच्या संस्थेत पाठवावं आणि मुलाला साताऱ्याला मुलांच्या. मुली एकीकडं, मुलगे दुसरीकडं, हा नियम. ठराव एकमतानं पास. चहाही झाला.

मी पेटले. बसल्या बैठकीत पत्रक लिहिलं. मुलीच्या मनगटावरचं विंचवाचं गोंदण, भावाच्या गळ्यातला काळ्या लोकरीचा दोरा, सगळं वर्णन दिलं, आणि खाली: 'ही कोवळी पोरं टाकून देणाऱ्या नराधमांना गजाआड करा!' सायकलवाल्या कार्यकर्त्यांनी ते पूर्वेच्या माळापर्यंत गावोगाव चिकटवलं. मला फार समाधान वाटलं. नियमाविरुद्ध मात्र त्यात एक ओळ नव्हती. मला वाटलं, चांगल्या संस्थेत जाताहेत, एकेकटी का होईना.

मामांनी त्या लोकरीच्या दोऱ्याकडं बघितलं आणि हुलग्याचं माडगं शिजवलं. मेंढक्यांच्या घरातलं ते रोजचं पातळ कालवण. मुलीनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, भावाला दिला, आणि एकदम स्पष्ट आवाजात म्हणाली, "मीठ घालायचं नसतंय."

मी पायरीवर बसले होते. मामांनी मान वळवली नाही. चुलीत फुंकर घालून म्हणाले, "का गं? आळनी खाता व्हय?"

"मीठ पान्यातच असतंय."

"आन प्याला?"

"झऱ्याचं. ते देवाला आन ह्याला," तिनं भावाकडं मान केली. " आमाला हिरीचंच."

"कोन करतं माडगं?"

"आत्या."

इथं मला राहवलं नाही. उडी मारून पुढं झाले. "बाळ, तुझ्या गावाचं नाव काय गं?"

तिनं ओठ मिटले. पार मिटले.

मामांनी पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघितलं. "झालं? घातलं कुलूप?" म्हणाले. "लेकरानं इतका जीव धरून दार किलकिलं केलं, तर ह्या बाई पल्टन घेऊन आत."

पुढं कळलं, की आत्यानं तिला बजावलं होतं, गर्दीत पोरं धरणारे असतात, कुणालाही नाव-गाव सांगायचं नाही. तिला जे सांगितलं होतं ते ती पाळत होती, आठवडाभर, दरडावणी सोसून. मिठाविषयी मात्र आत्या काही बोलली नव्हती.

शनिवारच्या बाजारात मामा घोंगड्या विकणाऱ्यांच्या ओळीत जाऊन बसले. "गड्यांनो, माडग्यात मीठ घालत न्हाईत आशी वाडी कंची?" घोंगडीवाले हसले. एक म्हणाला, "मामा, नवीन लगीन झालेलं घर आसंल, बघा." पण एक म्हातारा विणकर विचार करून म्हणाला, "ढालगावच्या पुढं आटपाडीच्या अंगाला माळावर एक वाडी हाय. तितली हीर खारी. तितला पावना आमच्यात आला की आमचं पानी आळनी म्हनतोय."

रविवारी पहाटेची छोटी आगगाडी धरून मी आणि मामा निघालो. मी का गेले? मामा म्हणाले, "चला. कागद लिवायला लागलं तर तुमी. आन न्हाई लागलं, तर गप ऱ्हायची सवय हुईल." त्या काळी सांगलीहून आटपाडीकडं जायचं तर एका दिवसात तीन संस्थानी राज्यं ओलांडावी लागत. ढालगावला उतरून आम्ही ऊन डोक्यावर घेऊन चाललो. मामांच्या अंगात जुना खाकी कोट. वाडी दिसली आणि वाडीनंही आम्हाला पाहिलं. खाकी बघताच बायका आत, दारं बंद, पोरं मेंढ्यांच्या आड. चावडीत फक्त म्हातारे पोलीसपाटील, दोऱ्यानं बांधलेला चष्मा लावून.

आणि चावडीच्या भिंतीवर माझं पत्रक.

मामांनी त्याच्याकडं बोट केलं. "पाटील, काय लिवलंय वो ते? आमाला वाचाय येत न्हाई."

पाटलांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. "न... रा... धमांना. गजा... आड." वाचून चष्मा काढला. "हौसाची पोरं ती, म्हाळी आन बिरू. आमाला कवाच कळलं. पन म्हनलं, बोललं की धरून नेत्याल. भावाची पोरं संबाळली, ही तिची चूक व्हय? भाऊ खेचरांच्या पल्टनीत गेला त्यो गेलाच, भावजय तापानं गेली. बाई रोज मिरजंच्या वाटंवर जाऊन बसती आन परत येती. जायाला भितीया."

मामा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पल्टनीत आपली गोळी आपल्याच मानसाला लागली की समद्यांम्होरं सांगाय लागतंय, बाई. न्हाईतर त्यो शिपाई पुन्ना तसाच नेम धरतोय."

मी चावडीच्या पायरीवर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "हे पत्रक मी लिहिलंय. ते खोटं आहे. न विचारता लिहिलं. आम्ही पोलीस नाही. कुणालाही धरायला आलो नाही. पोरं सांगलीला सुखरूप आहेत, पण उद्या त्यांची ताटातूट होणार आहे."

ताटातूट हा शब्द कानी पडल्यावर मेंढ्यांच्या वाघरीच्या जाळीमागून एक बाई बाहेर आली. वाळकी, काटक, उंच, हातात काठी.

"मी न्हाई टाकली पोरं," ती म्हणाली. माझ्याकडं नाही, मामांकडं बघून. "बिरूला ताप हुता म्हनून दवाखान्यात न्हेलं हुतं. येताना ठेसनात पानी आनाय गेले. फौजंची गाडी आली, रेटारेटी झाली. कुनी म्हनलं पोरं म्होरल्या डब्यात चढली. मी गाडीत चढले. पोरं न्हवती. म्होरल्या ठेसनात उतरून रुळारुळानं मागं आले. तर म्हनले, पोलिसांनी न्हेली."

"बिरू खातोय का?" तिनं विचारलं.

"न्हाई," मामा म्हणाले. "तुमच्या म्हाळीनं माजं माडगं नापास केलंय."

ते ऐकून हौसाबाई पदर तोंडात कोंबून हसली की रडली कोण जाणे. दारं उघडली. बायका बाहेर आल्या. कुणी तरी मामांपुढं तांब्या ठेवला. ते एक घोट पिऊन खोकले, आणि सगळी वाडी हसली.

मॅनेजर दाखला मागणार हे मला ठाऊक होतं. वाडीत कोरा कागद नव्हता. मी भिंतीवरचं पत्रक ओलं करून अलगद सोडवलं, आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं, की हौसा ही या मुलांची सख्खी आत्या असून मुलं तिनं टाकलेली नाहीत. पाटलांची सही, पंचांचे अंगठे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत उपयोगी लिखाण तेच.

सोमवारी सकाळी हौसाबाईला घेऊन आम्ही वखारीत पोचलो तेव्हा टांगा दाराशी उभा होता. म्हाळीला आश्रमाचा धुतलेला झगा घातलेला, बिरूला वेगळा करायला दोन बाया पुढं झालेल्या. बिरू तिच्या मानेला असा चिकटलेला, की बाया नुसत्या हात पुढं करून उभ्या. मामांनी टांगेवाल्याच्या घोड्याचा लगाम धरला. "थांब रं. हुकूम बदललाय."

मॅनेजर म्हणाले, "कुणाचा हुकूम?"

मी कागद पुढं केला. त्यांनी तो एका बाजूनं वाचला, उलटून दुसऱ्या बाजूनं वाचला, आणि माझ्याकडं पाहिलं. मी पाहू दिलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी टांगेवाल्याला जायला सांगितलं.

म्हाळी दारातल्या आत्याकडं बघत होती. धावली नाही. जागच्या जागी उभी राहून कडाडली, "कवा आलीस? बिरूला दोनदा ताप येऊन गेला! कुटं हुतीस?"

"चुकलं माजं, बया," हौसाबाई म्हणाली.

"म्या कुनाला नाव सांगितलं न्हाई."

"गुनाची माजी ती."

मग म्हाळी पुढं आली आणि तिनं बिरूला आत्याच्या हातात दिलं, एखादं जड गाठोडं मालकाला परत करावं तसं. दिलं, आणि रिकामी उभी राहिली. कंबर अजून एका अंगाला झुकलेली. हात कुठं ठेवायचे ते कळेना. अंगणात पोरं लंगडी खेळत होती. ती क्षणभर बघत राहिली, आणि एकदम पाय उचलून त्यांच्यात शिरली. आत्या हाका मारतेय, गाडीची वेळ होतेय, पण ही बाई लंगडी घालून पोरं बाद करतेय. वखारीत मी पहिल्यांदा इतकं मोठं हसू ऐकलं. मामा चुलीपाशी गेले होते. तिथूनच त्यांनी ओरडून सांगितलं, "खेळू द्या! नाव कटलंय तिचं, आता घाई कसली?"

त्या दिवसापासून एक गोष्ट मी करते. नवीन बालगृह निघालं, आणि आता स्वराज्यात ती भराभर निघताहेत, की मी तिथला छापील फॉर्म मागून घेते. नाव, बापाचं नाव, जात, मुक्काम. तेच रकाने. मी भांडते, अजून एक रकाना घाला म्हणून: घरी कुणाच्या हातचं गोड लागायचं? अधिकारी हसतात. हसोत. पोरांची संख्या वाढली की इमारती वाढवा, जरूर वाढवा. पण दारात आलेल्या पोराला आधी विचारा तरी, की तुझं कोण आहे.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते म्हाळी घरी गेल्याच्या पुढच्या वर्षी, त्याच माळावर. आमची सभा होती. खांद्यावर पत्र्याचा कर्णा घेऊन मी वाडीत शिरले. मेंढ्यांची लोकर कातरायचे दिवस होते, हौसाबाईनं मामांना त्यासाठी पाहुणा म्हणून बोलावून घेतलं होतं. भर दुपारी लिंबाच्या सावलीत घोंगड्यावर ते उताणे झोपलेले, तोंड उघडं, खाकी कोट उशाला. बिरू त्यांच्या पोटावर झोपलेला आणि त्यांच्या श्वासाबरोबर वरखाली होत असलेला. जवळ म्हाळी काठी घेऊन शेरडं हाकलत होती. उंच झालेली, सरळ.

मी तोंड उघडलं तेवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"वरडू नगा," म्हणाली. "मामा निजलाय."

मी कर्णा खांद्यावरून उतरवला, काखेत धरला आणि चपला हातात घेऊन तिथून निघाले. सभा आम्ही ओढ्याच्या पलीकडं घेतली.